सायलेन्सर बदला, पण कॅटला हात लावू नका!

पुण्यात नाना पेठेत सायलेन्सर बघायला गेलं की मेकॅनिकचं दरवेळी तेच. "कॅट काढून टाकू का? गाडी मोकळी पळेल." अरे, मागचा डबा बदलणं वेगळं आणि कॅट, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, उपटणं वेगळं! परवा माझ्यासमोर एकाचा बेंडपाइप, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप, कापला; आतली कॅटची मधाच्या पोळ्यासारखी जाळी सरळ भंगारात. त्या जाळीवरच्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियममुळे कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल, नायट्रोजनची ऑक्साइडं निवळतात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक नियमांतल्या) गाड्यांचं ट्यूनिंगच कॅट धरून केलेलं असतं. स्वारगेटच्या सिग्नलला माझ्या मागे लेक बसलेली असते, नाकाला ओढणी लावून. पुढच्या कॅट काढलेल्या गाडीचा तो डोळे चुरचुरवणारा धूर थेट तिच्या तोंडावर. कशासाठी? नुसत्या आवाजासाठी?