वाळवीने खाल्लेल्या पट्ट्या

मुंबईच्या धाकट्या भावाने वाटपाचा दावा लावला आणि वर दहा हंगामांच्या आंब्याचा हिशेब मागितला, तर डगमगू नका. सातबारा लपवत बसू नका, तो त्याने अंधेरीत बसून चहाच्या पैशात ऑनलाइन काढलेला असतो. दडवायच्या त्या वाशीच्या आडत्याकडून आलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या. पेट्या किती, दर काय, भाडं-हमाली जाऊन हाती किती, सगळं तिथे तुमच्याच नावावर.

आधी कोर्टाच्या परवानगीने प्रश्नावली येईल. शपथपत्रावर उत्तराला दहा दिवस. ‘गैरलागू’ म्हणून हरकत घ्या आणि पुढे चला.

मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 11, नियम 12 चा अर्ज: कागद उघड करा. त्यावरच्या तुमच्या लेखी म्हणण्यात ‘सदर अर्ज केवळ वेळकाढूपणाचा’ हे पहिल्या ओळीत हवं. तो शब्द समोरच्याने वापरण्याआधी आपण वापरावा. खरा हुकमी पत्ता नियम 20 चा: आधी हिस्सा आहे की नाही ते ठरू दे, हिशेबाचे कागद हिस्से ठरवणाऱ्या प्राथमिक हुकूमनाम्यानंतर. न्यायाधीशांना पटलं तर तोवर बागेतली नवी कलमंसुद्धा आंबे धरायला लागतील.

नाही पटलं तर कागदांचं शपथपत्र. इथे भलेभले घसरतात. नमुन्यात दोन परिशिष्टं असतात. पहिल्यात आज ताब्यात असलेले कागद, त्यातले दाखवायला हरकत असलेले वेगळे, कारणासह. दुसऱ्यात पूर्वी होते, आता नाहीत ते. शेवटचे कधी होते, त्यांचं काय झालं, आता कोणाकडे, हे लिहायचं. कोकणात या रकान्याला कारणांचा तुटवडा नाही. वाळवी आहे. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आहे. चिपळूणकर असाल तर जुलै 2021 चा पूर आहे. फक्त 2023 च्या पट्ट्या 2021 च्या पुरात वाहवू नका, टायपिस्टही हसतो. आणि ‘नष्ट झाल्या’ हे एकदा शपथेवर आलं, की भावाकडची व्हॉट्सअॅपवरची झेरॉक्स दुय्यम पुरावा म्हणून आत यायला तुम्हीच दार उघडलेलं असतं.

कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, खत-फवारणीच्या बिलांचा डौलात उल्लेख केलाय? त्यांच्या पाहणीची नोटीस येईल. दहा दिवसांत कळवायचं, आणि कळवल्यापासून तीन दिवसांच्या आतली वेळ द्यायची. ताठ राहून नाकारा! मग सबळ कारण दाखवल्याशिवाय तीच बिलं तुम्हाला तुमच्या बाजूने पुराव्यात आणता येत नाहीत. दहा वर्षांचा खर्च गेला, उत्पन्न तेवढं उरलं.

हुकूम मोडला तर नियम 21 प्रमाणे बचावच काढून टाकता येतो. पण सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच सांगितलंय, हे हत्यार शेवटचं, मुद्दाम हट्ट केला तरच. म्हणून हट्ट आजारपणासारखा दिसला पाहिजे. मुदत अर्ज, कॉस्ट, पुन्हा मुदत अर्ज. तीन मुदतींची मर्यादा संहितेत छापलेली आहे; ती वाचून दाखवणारा वकील समोर नसला म्हणजे झालं.

एवढं सांभाळलंत की पट्ट्या ठेवलेल्या ट्रंकेची किल्ली विहिरीत टाकायला हरकत नाही. धाकट्याचा वकील ट्रंक मागणं सोडून देतो आणि आडत्याला कागद हजर करण्याचं समन्स काढतो. पुढच्या तारखेला आडत्याचा दिवाणजी स्थळप्रतींचा गठ्ठा घेऊन येतो. त्यासोबत उचलीची वही असते. दर डिसेंबरची रक्कम, तारीख, आणि खाली तुमची सही.