‘एसीचा आवाज आला की गॅस भरा’ : या सल्ल्यानेच कंप्रेसर जातात

उन्हाळा तोंडावर आला की एक संदेश हमखास फिरायला लागतो : “गाडीच्या एसीतून आवाज येतोय म्हणजे गॅस कमी झालाय. दरवर्षी टॉप-अप करून घ्या. तरी आवाज राहिला तर कंप्रेसर गेला समजा. तोवर एसी बंद ठेवून गाडी बिनधास्त चालवा.” चारही वाक्यं गाडीवाल्याच्या खिशाला कात्री लावणारी आहेत, म्हणून एकेक घेतो.

आवाज म्हणजे गॅस कमी? बहुतेक आवाजांचा गॅसशी काडीचा संबंध नसतो. हे तपासायला हत्यारंही लागत नाहीत. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवा आणि ब्लोअरचा (हवा फेकणाऱ्या पंख्याचा) वेग वाढवत न्या. पेट्रोल-डिझेल गाडीत या वेळी कंप्रेसर (गॅस दाबणारा, इंजिनच्या बेल्टवर चालणारा पंप) फिरतच नाही. तरीही फडफड किंवा घरघर ऐकू आली आणि वेगाबरोबर वाढत गेली, तर ब्लोअरमध्ये पालापाचोळा अडकलाय किंवा त्याची मोटर झिजलीय. शिट्टीसारखा आवाज असेल तर आधी केबिन फिल्टर काढून बघा. तापमान बदलताना डॅशबोर्डमागे टकटकटक होऊन थांबत असेल, तर गार-गरम हवा वळवणाऱ्या झडपेच्या मोटरमधल्या प्लास्टिक गिअरचे दाते बहुधा तुटलेत.

आता इंजिन सुरू करा, एसी बंद ठेवा आणि बॉनेट उघडा. ओढणी, सैल बाही, हात बेल्टपासून लांब. कंप्रेसरची पुली फिरताना दिसेल, पण क्लचवाल्या (एसी लावल्यावरच पुलीला जोडल्या जाणाऱ्या) कंप्रेसरमध्ये तिच्या तोंडावरची चकती स्थिर असेल. आत बसलेल्याला एसी लावायला सांगा. ‘टक्’ होतं आणि चकती पुलीसोबत गरगरू लागते. हा क्लचचा आवाज, तो यायलाच हवा. त्याच क्षणी बेल्ट किंचाळला तर बेल्ट किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) बघा. एसी बंद असतानाही घरघर चालूच असेल तर संशय पुलीच्या बेअरिंगवर. एसी लागल्यावरच खडखड सुरू होत असेल तर कंप्रेसर तपासायला हवा, पण त्याआधी त्याचे बोल्ट सैल झालेत का ते बघा. आणि गाडी बंद केल्यावर डॅशबोर्डमधून थोडा वेळ येणारा ‘सूंऽऽ’ निर्धोक आहे. एसीतल्या जास्त आणि कमी दाबाच्या दोन्ही बाजूंचा दाब समान होत असतो.

गॅस कमी झाल्याचेही आवाज असतात, हे मान्य. क्लच काही सेकंदांनी सारखा लागतो-सुटतो, किंवा एसी चालू असताना डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलच्या बाजूने फुसफुस येते. पण तेव्हा गारवाही कमी झालेला असतो.

दरवर्षी टॉप-अप हा या संदेशातला सर्वांत घातक भाग. एसीची यंत्रणा बंदिस्त असते, त्यातला गॅस वापरून संपत नाही. होजमधून आणि सीलमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, तेवढंच. वर्षभरात गारवा जाण्याइतका कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गॅससोबत कंप्रेसरचं तेलही फिरतं आणि गळतीवाटे तेही बाहेर पडतं. गळती न शोधता नुसता गॅस ओतत राहिलं तर कंप्रेसर तेलाविना झिजतो. ज्या जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो, तिथून शोध सुरू करावा.

शिवाय भरणार किती? “गेज लावून बघितलं, कमी आहे” एवढ्यावर विश्वास ठेवू नका. स्वयंपाकाच्या गॅसचं सिलिंडर अर्धं झालं तरी आतला दाब उतरत नाही, तसंच इथे. बंद, निवांत असलेल्या एसीत आर-१३४ए (गाड्यांच्या एसीत सर्रास असणारा गॅस) चा दाब ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय असतो. आत द्रवरूप गॅस शिल्लक आहे तोवर, भरपूर असो की कमी, तो तेवढाच दिसतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत एकूण गॅसच ४०० ते ६०० ग्रॅम. ५०० ग्रॅमच्या यंत्रणेत अंदाजाने १०० ग्रॅम जास्त गेला की दाब वाढतो, द्रव कंप्रेसरपर्यंत पोचू शकतो आणि आधी नसलेली खडखड सुरू होते. जुना गॅस मशीनने काढून घ्यावा, व्हॅक्यूम करावा आणि बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेल्या वजनाइतकाच भरावा.

एसी बंद ठेवून बिनधास्त चालवा? एसी बंद केला तरी पुली फिरतच राहते. तिचं बेअरिंग जाम झालं तर बेल्ट तुटू शकतो, आणि पुष्कळ गाड्यांत त्याच बेल्टवर अल्टरनेटर आणि वॉटर पंप असतो. मग बॅटरी चार्ज होत नाही, इंजिन तापतं. एसी बंद असूनही घरघर थांबत नसेल तर गाडी लांबच्या प्रवासाला काढू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. इलेक्ट्रिक गाडीचं मात्र वेगळं : चार्जिंगला लावलेली असताना कंप्रेसर गुणगुणला तर बॅटरी थंड केली जात असते.

राहिला ‘कंप्रेसर गेला’ हा निकाल. अनेक कंप्रेसरचं बेअरिंग किंवा क्लच वेगळं बदलता येतं. आणि आतून खरंच मोडला असेल तर नुसता कंप्रेसर बदलून भागत नाही. धातूचा चुरा पुढे कंडेन्सरमध्ये (गरम गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीत) जाऊन बसतो आणि नव्या कंप्रेसरचाही बळी घेतो. म्हणून होकार देण्याआधी पाइप सोडल्यावर निघालेलं तेल पांढऱ्या फडक्यावर टिपून दाखवायला सांगा. चकाकणारे कण दिसले तर कंडेन्सर, ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारी झडप) यांचाही खर्च धरा. तेल स्वच्छ निघालं, तर कंप्रेसर का बदलायचा ते आधी विचारा.