बाहेरची चार टेबलं

मागच्या बुधवारी संध्याकाळी सव्वासातला आमच्या हॉटेलसमोर अतिक्रमणची गाडी थांबली. दोन मिनिटांत चार टेबलं आणि अकरा खुर्च्या गाडीत. बारावी राहिली, कारण तिच्यावर एक आजोबा मिसळ खात बसले होते. "पाव संपू दे," म्हणाले आणि उठलेच नाहीत. गाडीवरच्या पोरांनाही हसू आवरेना.

आधीच सांगते, चूक आमची होती. टेबलं विनापरवाना होती. दोन आमच्याच इमारतीच्या फ्रंट मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीपुढे सोडलेल्या मोकळ्या जागेत, आणि दोन चक्क फुटपाथवर. तेव्हा 'गरीब बिचारे हॉटेलवाले' असली ही पोस्ट नाही.

पण दोन वर्षांपूर्वी मी रीतसर परवाना मागायला गेले होते, तेही ऐका. परवाना विभागाने मालमत्ता विभागाकडे पाठवलं, त्यांनी बांधकामकडे, बांधकामने अग्निशमनकडे. फिरून परत पहिल्या टेबलावर आले तेव्हा तिथल्या भाऊसाहेबांनी चष्मा काढून शांतपणे सांगितलं, "ताई, असा अर्जाचा नमुनाच नाहीये."

"मग इतके लोक बाहेर टेबलं टाकतात ते?"

त्यांनी पंख्याकडे बघितलं. "टाकतात."

माझं सगळं भांडण या एका शब्दाशी आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ खाली आयुक्तांना रस्त्यावर अडथळा करणारी वस्तू नोटीस न देताही उचलता येते. उचलायचं कसं ते सगळ्यांना पाठ आहे. ठेवू द्यायचं असेल तर काय करायचं, हे एकाही टेबलावर कोणी सांगू शकलं नाही. परवान्याची वाट नसली की 'सांभाळून घेणाऱ्यांची' वाट आपोआप तयार होते. ज्याची ओळख त्याच्या खुर्च्या बाहेर, ज्याची नाही त्याच्या गाडीत.

बरं, आपल्याला हे जमत नाही असंही नाही. गणपतीत भर रस्त्यात मंडप उभे राहतात. त्यांना अर्ज असतो, पोलिसांचं, वाहतुकीचं, अग्निशमनचं ना हरकत असतं, एक खिडकी असते, उत्सव संपल्यावर खड्डे बुजवायची अट असते. म्हणजे ठरावीक दिवस, ठरावीक जागा, अटी घालून रस्ता वापरायला द्यायचा कसा, हे आपल्या पालिकांना चांगलं ठाऊक आहे. गोव्यात किनाऱ्यावरच्या शॅकसाठी, म्हणजे बांबू-झावळ्यांच्या तात्पुरत्या हॉटेलांसाठी, तर सरकारी धोरणच आहे. सोडत काढतात, शुल्क घेतात, पावसाळ्याआधी बांबू आणि झावळ्या उतरवायला लावतात. तिथेही एकाच्या नावावर शॅक आणि चालवणारा भलताच, अशा तक्रारी असतातच. पण निदान तक्रार करायला नियम तरी आहे!

आता फुटपाथबद्दल. इथे माझे हॉटेलवाले मित्र चिडतील.

गाडी येऊन गेल्यावर रात्री मी टेप घेऊन आमचा फुटपाथ मोजला. दोन मीटर चाळीस. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात चालायला किमान १.८ मीटर मोकळी पट्टी सांगितली आहे. उरले साठ सेंटिमीटर. त्यात विजेचा डीपी आणि गुलमोहराचं आळं. आमचं सगळ्यात लहान टेबलच साठ सेंटिमीटरचं, म्हणजे गिऱ्हाईक बसणार कुठे, हवेत? आणि खरं सांगू, मोजायची गरजही नव्हती. माझ्या सासूबाई वॉकर घेऊन संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जातात. आमच्याच टेबलापाशी आल्या की त्या फुटपाथवरून खाली रस्त्यावर उतरायच्या. कधी बोलल्या नाहीत. मीही गल्ल्यावरून ते वर्षभर बघत होते आणि बघत नव्हते. तेव्हा फुटपाथ नको, मागूच नये. जिथे तो खरंच चार-पाच मीटर रुंद आहे तिथे पट्टा आखून, भाडं घेऊन द्यावा. आणि तोही आधी हातगाडीवाल्यांचा विचार करून, कारण त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे आणि त्यांच्यापाशी आमच्यासारखा आत गाळा नाही.

मार्जिनची गोष्ट वेगळी. ती जागा सोसायटीची, सोसायटीचं ना हरकत पत्र माझ्यापाशी आहे. अग्निशमनच्या साहेबांनी मात्र तिथेच पकडलं. "वर छप्पर टाकणार?" म्हटलं, नाही, छत्री. ते म्हणाले, "आज छत्री, उद्या ताडपत्री, परवा पत्रा. चाळीस वर्षं बघतोय." राग आला, पण त्यांचं चूक नव्हतं. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबना आग लागली, १४ जीव गेले. मोकळ्या जागेला मोकळी ठेवायची म्हणतात ती उगाच नाही. आग लागली तर बंब त्याच मार्जिनमधून येणार. मग नियमच तसा लिहा ना: छप्पर नाही, बाहेर शेगडी नाही, टेबलं घडीची, रात्री आत. मोडला तर परवाना रद्द. नुसतं 'नाही' म्हटल्याने ताडपत्र्या थांबल्यात का कुठे?

करोनात ५ ऑक्टोबर २०२० ला निम्म्या क्षमतेने हॉटेलं उघडली, तेव्हा गिऱ्हाईक आत यायलाच घाबरायचं. सगळ्यांनी टेबलं बाहेर काढली. अतिक्रमणची गाडी समोरून जायची, थांबायची नाही. तिकडे न्यूयॉर्कमध्येही त्याच वर्षी जूनमध्ये तातडीचा उपाय म्हणून रस्त्यावर जेवणावळी सुरू झाल्या. पुढे लाकडी खोपट्यांचा, उंदरांचा त्रास झाला, तेव्हा २०२३ मध्ये त्यांनी कायदा केला: फुटपाथवर बारा महिने, रस्त्यावर १ एप्रिल ते २९ नोव्हेंबर, नंतर सगळं उचलायचं. माझा मावसभाऊ क्वीन्समध्ये असतो. तो म्हणतो, तिथेही अर्ज रखडतात, हॉटेलवाले बोटं मोडतात. असेल. पण रखडायला आधी अर्ज लागतो!

मला वर्षाला भाडं द्यायचंय. पावती हवीय. दारात परवान्याचा कागद लावायचाय, त्यावर 'टेबलं २, खुर्च्या ८' असा स्पष्ट आकडा हवाय. नववी दिसली की कोणीही फोटो काढून तक्रार करावी, माझ्या सासूबाईंनीसुद्धा.

काल दंड भरून सामान सोडवायला गोडाऊनला गेले. टेबलं चारही मिळाली, खुर्च्या मात्र दहाच. अकरावीवर तिथला वॉचमन बसला होता. मी काही मागितली नाही.