अंगावर चीवर होतं म्हणून सुटला!

लहानपणापासून विहारात पंचशील म्हणतोय, अदिन्नादाना वेरमणी, म्हणजे चोरी करू नका, संपला विषय, असंच वाटायचं. पण शब्द नीट बघा, तिथे चोरी नाहीये, "न दिलेलं घेणं" आहे. भिक्खूंसाठी हा नियम कसा आला ती विनयपिटकातली (भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली) गोष्ट तर भारीच.

राजगृहात धनिय नावाचा भिक्खू होता, कुंभाराचा पोरगा. हा गवताची झोपडी बांधायचा आणि भिक्षेला गेला की लाकूडफाटा गोळा करणारे ती मोडून न्यायचे, तीनदा झालं असं. मग पठ्ठ्याने अख्खी मातीचीच कुटी करून भाजून काढली, लालभडक, टिचकी मारली की घंटेसारखा आवाज! बुद्धांनी ती मोडायला लावली, भाजताना जीवजंतू मरतात म्हणून. मग हा सरळ राजाच्या लाकडाच्या रखवालदाराकडे गेला आणि म्हणाला, राजाने मला दिलंय. लाकूड होतं नगराच्या डागडुजीचं. समोर भिक्खू, त्यामुळे त्या बिचाऱ्याने दिलं. पुढे अमात्य वस्सकार पाहणीला आला, लाकूड गायब, रखवालदाराला बांधून नेलं. वाटेत धनिय दिसल्यावर तो म्हणतो, भंते, मला मारून टाकायच्या आत या हो.

राजापुढे धनियचं उत्तर काय, तर राज्याभिषेकाला तुम्हीच म्हणालात ना, श्रमण-ब्राह्मणांना गवत, लाकूड, पाणी दिलं! (वकील शोभला असता.) राजा बिंबिसार म्हणाला, अरे ते रानातलं, बिनमालकीचं. तरी सोडला, भिक्खू म्हणून, अंगावरचं चीवर (भिक्खूचं वस्त्र) बघून. लोक जाम भडकले.

तेव्हा बुद्धांनी संघातल्याच एका भिक्खूला विचारलं, जो आधी न्यायाधिकारी होता, की राजा किती चोरीला शिक्षा देतो? उत्तर आलं, एक पाद, म्हणजे तेव्हाचे 5 मासक (मासक हे तेव्हाचं छोटं नाणं). तीच रेघ ठरली, 5 मासक किंवा जास्त चोरलं की पाराजिक, संघातून कायमचा बाहेर. धनिय मात्र वाचला कारण नियम त्याच्यानंतरचा.

धर्माच्या नियमाला राजाचं माप कशाला, असं कुणी म्हणेल. मला तर तेच आवडतं. राजाने चीवर बघून सोडलं, संघाने ती पळवाटच बुजवली. जकात चुकवून माल नेला तरी चोरीच धरली.

आणि नुसता हिशोब नाही हां, मन पण बघतात. फासात अडकलेलं शिकाऱ्याचं डुक्कर दयेने सोडलं तर दोष नाही, चोरायला सोडलं तर पाराजिक. एकाने दिवसा दुसऱ्याचं सामान हेरून ठेवलं आणि रात्री चुकून स्वतःचंच चोरलं! पाराजिक नाही लागलं, पण दुक्कट नावाचा छोटा दोष लागलाच.