हे दार राज्यांसाठीच ठेवलंय

नमस्कार. अमेरिकेतल्या राज्यांनी घटना परिषद, म्हणजे घटनादुरुस्त्या सुचवण्यासाठीची बैठक, मागावी, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की केंद्राला लगाम घालायच्या नावाखाली हा घटनाच उलथवायचा डाव आहे. १७८७ मध्येही राज्यांची मंडळी जुन्या घटनेच्या दुरुस्तीला म्हणून जमली आणि नवी घटना लिहून उठली!

दाखला खरा आहे. पण त्याच बैठकीतला १५ सप्टेंबरचा दिवस बघा. सह्यांना दोन दिवस उरलेत. मसुद्याप्रमाणे राज्यांनी मागणी केली तरी दुरुस्ती सुचवणार काँग्रेस, म्हणजे तिथली संसदच. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन हरकत घेतात: सरकारच जुलमी निघालं, तर लोकांना हवी ती दुरुस्ती अशाने कधीच मिळायची नाही. त्या हरकतीतून पाचव्या कलमात दुसरी वाट आली. दोन तृतीयांश राज्यांनी मागितलं, की काँग्रेसने परिषद बोलवायचीच. आज म्हणजे ५० पैकी ३४.

ही वाट आजवर कुणी चाललेलं नाही. २७ च्या २७ दुरुस्त्या काँग्रेसनेच सुचवल्या. तरी तिचा धाक कामाला येतो. सिनेटर थेट जनतेने निवडावेत, ही मागणी सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाने, वर्षानुवर्षं अडवून धरली होती. परिषदेसाठी राज्यांचे अर्ज साचत गेले, तेव्हा कुठे सिनेट नमलं आणि १९१३ मध्ये सतरावी दुरुस्ती झाली. आपल्याकडे ३६८ व्या कलमाखाली सुरुवात संसदेतच होते, राज्यांच्या वाट्याला ठरावीक बाबींत नुसती संमती येते. म्हणून मला या वाटेचं मोल जास्त वाटतं.

केंद्राला लगाम घालायला परिषद मागणाऱ्या आताच्या मोहिमेत जॉर्जियाने २०१४ मध्ये पहिला ठराव केला, २०२२ पर्यंत १९ राज्यं झाली. परिषदेने काहीही सुचवलं तरी ३८ राज्यांची मान्यता लागणारच. १३ राज्यं अडून बसली की विषय संपला.

तुम्ही म्हणाल, १७८७ मध्ये तेराही राज्यांच्या संमतीची अट होती, ती नऊवर आणलीच ना? आणली. इथे तुमची भीती मला पटते, आणि मूळ लेखात मी हे लिहायला हवं होतं. परिषदेत राज्याला एक मत की लोकसंख्येप्रमाणे, विषयाची मर्यादा कोण पाळायला लावणार, याबद्दल कलमात अवाक्षर नाही. १७८७ च्या बैठकीतले एक प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी त्याच १५ सप्टेंबरला ही अडचण बोलून दाखवली होती. १९७१ मध्ये सिनेटर सॅम अर्विन यांचं याच नियमांचं विधेयक सिनेटने ८४ विरुद्ध ० मतांनी मंजूर केलं, पण प्रतिनिधीगृहात, म्हणजे काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहात, ते मार्गी लागलं नाही. चौतिसावा अर्ज यायच्या आत तसा कायदा व्हायला हवा, एवढी दुरुस्ती माझ्या लेखात तुमच्यामुळे करतो आहे.