सातबारा नावावर असला, तरी दिवाणी वकील का लागतो

शेतजमिनीच्या वादांविषयी व्हॉट्सअॅपवर एक संदेश सर्रास फिरतो. सातबारा नावावर असेल तर वकिलाची गरज नाही, समन्स स्वीकारले नाही तर दावा चालत नाही, दिवाणी दावा कधीही लावता येतो आणि वकील केवळ तारखा वाढवून पैसे काढतो, अशी चार विधाने त्यात केलेली असतात. त्यांवर विसंबून माणसे हक्काची जमीन गमावू शकतात, म्हणून हे उत्तर.

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार त्यातील नोंद खरी मानली जाते, परंतु विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने, म्हणजे या अभिलेखातील नाव बदलण्याच्या नोंदीने, मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. मालकी येते ती खरेदीखत, वाटणी, मृत्युपत्र किंवा वारसा यांतून. वडिलांच्या पश्चात बहिणींची नावे केवळ जबाब घेऊन कमी केलेली असतील आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेले नसेल, तर सातबारा कितीही स्वच्छ दिसला तरी त्यांचा हिस्सा त्या फेरफारामुळे संपत नाही. अशी जमीन विकत घेणारा पुढे वाटपाच्या दाव्यात प्रतिवादी होतो. जुने फेरफार आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील सुमारे 30 वर्षांचे दस्त तपासून हा धोका आधीच दाखवणे, हे दिवाणी वकिलाचे खरे काम आहे. म्हणून त्याच्याकडे जाण्याची वेळ इसार देण्यापूर्वीची असते.

समन्स नाकारणे तर आत्मघातकी आहे. नाकारलेले समन्स न्यायालय बजावलेले मानू शकते आणि दावा एकतर्फी चालतो. कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर, 30 दिवसांत, आणि न्यायालयाने कारणे नोंदवून मुदत वाढवली तर साधारणपणे 90 दिवसांपर्यंत द्यावी लागते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याच्या अर्जालाही 30 दिवसांचीच मुदत असून, उशीर झाल्यास त्याचे सबळ कारण पटवावे लागते.

दावा कधीही लावता येतो, हेही खोटे आहे. साठेखताची, म्हणजे जमीन विकण्याच्या कराराची, पूर्तता मागण्यास 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे 3 वर्षे मिळतात, आणि मुदतबाह्य दावा प्रतिपक्षाने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाला फेटाळावाच लागतो. कायदेशीर मार्गाशिवाय ताब्यातून बाहेर काढलेल्याला मालकीच्या वादात न शिरता ताबा परत मागायचा असेल, तर अवघे 6 महिने असतात. ‘भाऊबंदकी आहे, बसून मिटवू’ म्हणत ही मुदत निघून जाते, याचे फार वाईट वाटते.

तारखांविषयीची तक्रार मात्र मी खोडून काढणार नाही; दिवाणी दावे रेंगाळतात आणि त्याला काही वकीलही जबाबदार असतात. साध्या वारसनोंदीसाठी वकील लागत नाही आणि स्वतःचा दावा स्वतः चालवण्यासही कायद्याची मनाई नाही. तथापि जे दाव्यात किंवा कैफियतीत मांडलेलेच नाही, त्याचा पुरावा नंतर ग्राह्य धरला जात नाही, आणि साक्षीपुरावा सुरू झाल्यावर दुरुस्ती मिळणे कठीण होते. खर्चाचीच अडचण असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठीचा अर्ज तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे करता येतो.