सात टर्म टिकायचं असेल तर

साताऱ्यात पोवई नाक्यावर ‘भावी आमदार’ म्हणून तुमचा फ्लेक्स लागला, खाली मित्रपरिवाराचे पासपोर्ट साइज चेहरेही ओळीनं बसले, म्हणजे निम्मं काम झालं. राहिलेलं निम्मं विषयाचं. एखादी टर्म गर्दीवर निघते, पण सात टर्म काढायच्या तर ‘या विषयातले जाणकार’ अशी ख्याती लागते. आपल्याकडचे नवखे इथंच माती खातात. कुणी पाणी घेतो. अहो, टेंभू योजनेचं पाणी शिवारात आलं की नाही, हे आटपाडीतलं शेंबडं पोरही बांधावर उभं राहून सांगतं. कुणी ऊसदर घेतो, तर काट्याची पावती शेतकऱ्याच्या खिशात असते. कुणी रस्ता घेतो आणि पहिल्या पावसात उघडा पडतो.

तुम्ही संरक्षण आणि शिक्षण घ्या.

आज पहिलीत बसवलेलं पोर मतदानाला यायला बारा वर्षं लागतात. तोवर दोन निवडणुका आरामात निघून जातात, आणि त्याला नीट वाचता आलं नाही तर तो शिव्या मास्तरला घालतो. संरक्षणाचं तर त्याहून बरं. लडाखातला बंकर कितपत पक्का झाला हे बघायला जतचा माणूस जाणार आहे का? शिवाय हे दोन्ही विषय आपल्या मातीतले. भावकीत एक फौजी आणि एक मास्तर नाही असं घर साताऱ्यात शोधून दाखवा.

राज्यघटनाही तुमच्या बाजूनं आहे. संरक्षण केंद्राच्या सूचीत. त्यामुळं आमदार असेपर्यंत त्यावर हवं तितकं गरजा, हिशेब मागायला कुणी येणार नाही. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे दोघांचं झालं, म्हणजे कुणाचंच राहिलं नाही. मुंबईत असाल तर ‘केंद्र पैसे देत नाही’ म्हणा, दिल्लीत गेलात की ‘राज्य खर्च करत नाही’ म्हणा. पाटणच्या डोंगरातली कमी पटाची शाळा समूह शाळेत घालायची चर्चा निघाली, तर बैठकीत मान डोलवा आणि वाडीवर येऊन मूठ आवळा. दोन्हींच्या मध्ये कोयनेचा घाट आहे, आवाज पोचत नाही.

आता भाषण. एकच पुरतं. सुरुवात ठरलेली: देशातलं पहिलं सैनिक स्कूल २३ जून १९६१ ला आपल्या साताऱ्यात सुरू झालं. मग अपशिंगे मिलिटरी, पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आली. ‘सेहेचाळीस’ म्हणताना आवाज खाली आणा. मग कर्मवीर भाऊराव पाटील, ४ ऑक्टोबर १९१९, कराडजवळचं काले, रयत शिक्षण संस्था. मग बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोडलेले दागिने आणि शेवटी मंगळसूत्र. इथं टाळ्यांची वाट बघू नका, बायका डोळ्याला पदर लावतील तेवढा वेळ थांबा. या सगळ्यात तुमचा काडीचाही संबंध नाही, आणि तीच तर सोय आहे. झालेल्या कामाला ‘कधी होणार’ असं कोण विचारतो?

आकडा लागलाच तर सहा टक्के. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, असं १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं म्हटलं. १९६८ च्या धोरणानं म्हटलं, १९८६ च्या धोरणानं म्हटलं, २०२० च्या धोरणानंही म्हटलं. तुम्हीही म्हणा. इतका टिकाऊ आकडा दुसरा नाही. तुमच्या नातवालाही भाषणात उपयोगी पडेल.

यशवंतराव चव्हाणांचं नाव मात्र जपून घ्या. देवराष्ट्र्याच्या या माणसानं मुख्यमंत्री म्हणून सैनिक स्कूल साताऱ्यात आणलं. नोव्हेंबर १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच महिन्यात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेही चीनशी युद्ध सुरू असताना. म्हणजे तुमचे दोन्ही विषय एकाच महिन्यात, आणि दोन्ही खरोखरचे. सभेत एखादा म्हातारा बसलेला असला आणि त्यानं मनातल्या मनात तुलना केली, तर पंचाईत. तेव्हा ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ एवढं एक वाक्य, २५ नोव्हेंबरला, पुण्यतिथीला, कराडच्या प्रीतिसंगमावर समाधीला एक फूल, आणि लगेच गाडीत.

दोन टर्म मुंबईत काढून दिल्लीला गेलात की प्रश्न विचारायला लागा. ही भीतीची गोष्ट नाही. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकिताला उठून उपप्रश्न विचारावा लागतो आणि त्यासाठी मुळात विषय कळावा लागतो, म्हणून तुम्ही अतारांकिताच्या वाटेनं जा. लेखी प्रश्न, लेखी उत्तर, प्रश्न लिहायला पुण्याचा एक पदवीधर. संरक्षणावर विचारलंत तर उत्तर येईल, ‘राष्ट्रीय सुरक्षेच्या हिताच्या दृष्टीने ही माहिती देता येत नाही.’ शिक्षणावर विचारलंत तर येईल, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे.’ दोन्ही उत्तरं मतदारसंघात सारखीच शोभतात. पहिल्याची बातमी ‘खासदारांच्या प्रश्नाने संरक्षण खाते निरुत्तर’, दुसऱ्याची ‘खासदारांच्या पाठपुराव्यामुळे शासन हलले’.

दर वर्षी एक अशासकीय विधेयकही टाका, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं स्वतः मांडलेलं. ‘प्रत्येक शाळेत सक्तीचे सैनिकी शिक्षण’ असं नाव ठेवलं की दोन्ही विषय एका दगडात. ते मंजूर होईल अशी धास्ती नको. स्वातंत्र्यापासून अशी फक्त १४ विधेयकं कायद्यापर्यंत पोचली, त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. शिवाय ती चर्चेला येतात शुक्रवारी दुपारी, आणि तोवर सगळ्यांच्या बॅगा भरलेल्या असतात.

समितीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण घात होतो तो तिथंच. संसदेच्या खातेनिहाय स्थायी समित्या २४, प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. संरक्षणाच्या समितीत नाव लागलं की लगेच लेटरहेड छापून घ्या. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरा नसतो, त्यामुळं तिथं बोललेलं एक वाक्यही कवठेमहांकाळला ऐकू येत नाही. अनुदानाच्या मागण्यांचे, म्हणजे खात्यानं मागितलेल्या खर्चाचे, जाडजूड बाड पुढ्यात येतात, सचिव साक्षीला बसतात, महिन्याभराच्या बैठकांनंतर अहवाल निघतो आणि त्यातल्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. एवढं होऊनही संरक्षणाच्या मागण्या बहुतेकदा सभागृहात चर्चेला येतच नाहीत. शेवटच्या दिवशी गिलोटिन पडतं, म्हणजे उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकतात, आणि इतर खात्यांबरोबर त्याही एका फटक्यात मंजूर होतात. २०२५-२६ ची तरतूद होती ६.८१ लाख कोटी. आमच्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीच्या झाकणावर याहून जास्त वेळ भांडण चालतं.

तरीही काही वेडे सगळ्या बैठकांना जातात. बाडाच्या समासात पेन्सिलीनं खुणा करतात, मागच्या वर्षीचा पैसा का परत गेला ते सचिवाला तिसऱ्यांदा विचारतात. अशी माणसं सगळ्याच पक्षांत असतात, आणि खरं सांगायचं तर देशाचं बरंचसं काम त्यांच्यावर चालतं. पण त्यांचा फ्लेक्स कुठं पाहिलाय तुम्ही? बैठकीला कोण हजर होतं हे अहवालाच्या शेवटी छापलेलं असतं. ते पान उघडणारा मतदार भेटला, तर त्याला तालुकाध्यक्ष करून टाका.

गावपातळीवर फौजींशी नातं शाल-श्रीफळापुरतं ठेवा. वीरमाता आणि वीरपत्नींना सकाळी दहाला बोलवा, स्वतः दीडला पोचा. त्यांच्या कागदपत्रांना मात्र हात लावू नका. एक लावलात की संपलं. म्हातारा हवालदार येतो, फौजी पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर त्याचा हयातीचा दाखला चढत नसतो, कारण अंगठा झिजलाय आणि ओटीपी पुण्यातल्या पोराच्या मोबाइलवर जातोय. त्याच्यामागं विधवा येते. नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकात तिचं नाव ‘पारूबाई’, आधारवर ‘पार्वती’, आणि पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरच्यांची लष्करी दप्तरातली नोंद, कधी निघालीच नाही म्हणून कौटुंबिक पेन्शन अडलेली. या कामाला रेकॉर्ड ऑफिसला चार पत्रं लागतात, कपाळावर आठी न घालता बसणारा एक माणूस लागतो, आणि त्याचा फोटो निघत नाही. त्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता द्या आणि कारगिल दिनाचं निमंत्रण.

तरुणांचं सोपं आहे. पहाटे पाचला कोरेगाव रस्त्यावर भरतीची पोरं पळत असतात. त्यांना टी-शर्ट वाटा, पाठीवर तुमचा फोटो. पोरं उंची, छाती, सोळाशे मीटर करत राहतील आणि तुम्ही न पळता दर सकाळी तीन गावं फिराल. फक्त एक काळजी घ्या. अग्निवीर झालेल्यांच्या निरोप समारंभात फार वेळ थांबू नका. चार वर्षांची नोकरी, नंतर चारात जास्तीत जास्त एकाला पुढं ठेवणार, बाकीच्यांना पेन्शन नाही. आणि माजी खासदाराला एका टर्मवर महिना ३१ हजार, पाच वर्षांवरच्या प्रत्येक वर्षाला अडीच हजार वाढीव. एखादं पोर गणितात पक्कं निघालं तर भर मंडपात विचारायचं.

शिक्षणात मात्र स्वतः उतरा. १९८३ मध्ये सांगलीच्याच मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना वाट करून दिली, तेव्हापासून हे क्षेत्र दानशूर माणसाला मोकळं आहे. कर्मवीरांनी घरातलं सोनं बोर्डिंगात घातलं, तुम्ही वाहतुकीची दिशा तेवढी बदला. संस्थेला आईचं नाव, इमारतीला वडिलांचं, सचिवपदी सौभाग्यवती. विनाअनुदानित तुकडीवरचे मास्तर अनुदानाच्या आशेवर वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवतात, आणि निवडणुकीत बूथवर बसायला त्यांच्याइतकी शिस्तीची माणसं मिळत नाहीत. दहा वर्षांत लोक तुम्हाला ‘शिक्षणमहर्षी’ म्हणू लागतील. सुरुवात तुम्हीच छापून करा.

चौथ्या टर्मला घरात मुलाचा विषय निघेल. वारस तोच, त्याला ‘युवा नेतृत्व’ करायला वेळ लागणार नाही. पण तुमची भाषणं ऐकून एखादा भाबडा कार्यकर्ता सुचवेल, ‘दादांना आपल्या सैनिक स्कूललाच घालूया की साहेब.’ तिथं प्रवेश सहावीला आणि नववीला मिळतो, लेखी परीक्षा असते, आणि पास झालं की पोरांना पहाटे उठवून पळवतात. अर्ज जरूर भरा, भरतानाचा फोटोही काढा. परीक्षेच्या दिवशी मात्र दादांना ताप भरू द्या. सहावीला एकदा, नववीला एकदा. डॉक्टर आपल्याच संस्थेचे आहेत.